कापूस वेचणारी आजी : क्लेमेंटाईन हंटर

(माता रमाई जयंतीनिमित्त संस्थेने भरविलेल्या महिला व विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी विषयाकडे वळते.

संस्थेच्या कार्यवाहांनी मला विचारले, मॅडम, रमाईवर बोलाल ना? मी म्हटले, रमाईवर आज तीन वक्ते बोलणार आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलतील. मला एका दूर देशातल्या आजीवर बोलू द्या. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बोला, पण आपल्या बायांना समजेल असे बोला." ती आजी कापूस वेचत होती, एवढे सांगितले म्हणजे आपल्या बायांना अर्धी गोष्ट समजलीच. उरलेली अर्धी मी सांगणार आहे.

हा विषय निवडण्याला एक कारण घडले. मागच्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका हुशार मुलीला बक्षीस मिळाले. सत्काराच्या वेळी कोणी तरी विचारले, घरी कोण कोण असते, काय करतात? ती म्हणाली, आजी असते, आजी शेती करते. मला ते घर ठाऊक आहे. त्या घराला शेत नाही. आजी दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जाते आणि तिच्याच वेचाईच्या पैशातून मुलीच्या वह्या येतात. मुलगी खोटे बोलली असे मी म्हणणार नाही. तिला लाज वाटली. ती लाज मला चांगली ओळखीची आहे, म्हणून मी तिला रागावू शकले नाही. त्याचे कारण पुढे सांगेन.

आता त्या आजीविषयी. तिचे नाव क्लेमेंटाईन हंटर. अमेरिकेच्या दक्षिण भागात लुइझियाना नावाचे राज्य आहे. तेथे केन नदीच्या काठी, क्लूटियरव्हिल गावाजवळच्या हिडन हिल नावाच्या प्लँटेशनवर तिचा जन्म झाला. प्लँटेशन म्हणजे एका मालकाचा अफाट मळा, मजुरांच्या खोपट्यांसकट. जन्म १८८६ च्या अखेरचा की १८८७ च्या जानेवारीतला, हे नक्की सांगता येत नाही. आपल्या कित्येक आज्यांचा जन्म दुष्काळाच्या नाही तर पुराच्या सालावरून सांगतात, तशातलाच हा प्रकार. मृत्यूची तारीख मात्र पक्की आहे : १ जानेवारी १९८८. एकशे एक वर्षांचे आयुष्य. मी तिला 'ती' म्हणणार आहे. पुढे ती डॉक्टर झाली हे मला ठाऊक आहे. पण आजीला कोणी 'अहो' म्हणत नाही.

त्या भागाचा आणि आपला संबंध कापसाने जोडलेला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेची राज्ये फुटून निघाली होती. युद्धात त्यांची बंदरे रोखली गेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या आणि इंग्रजांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले. ज्वारीच्या जमिनीत पऱ्हाटी उभी राहिली. आगगाडी वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तिकडे गुलामांच्या सुटकेची लढाई चालू असताना इकडे आपल्या खापरपणज्या ओटी बांधून पऱ्हाटीत उतरत होत्या. १८६५ मध्ये तिकडची गुलामगिरी कायद्याने संपली. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या कामी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपण सारे जाणतोच. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा क्लेमेंटाईन पंचविशी ओलांडून गेलेली होती आणि कापसाच्या शेतात होती. न्यूयॉर्क आणि तिचे शेत यांत मैलांचे अंतर होतेच, पण त्याहून मोठे अंतर कायद्याचे होते.

ते कसे, हे विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. गुलामगिरी गेली आणि तिच्या जागी कागद आले. लुइझियानाने १८९० मध्ये आगगाडीत गोऱ्यांचे व काळ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा केला आणि १८९६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १८९८ मध्ये, म्हणजे ज्या साली आपल्या रमाईचा जन्म झाला त्याच साली, लुइझियानाने नवी राज्यघटना केली. तीत लिहिले की, मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे किंवा त्याच्यापाशी मालमत्ता पाहिजे. मग अडाणी, गरीब गोऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी पळवाट ठेवली. ज्याच्या बापाला किंवा आजोबाला १ जानेवारी १८६७ रोजी मताचा हक्क होता, त्याला ही अट नाही! काळ्यांचे आजोबा त्या दिवशी कोठून मतदार असणार? ते दोन वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. त्या राज्यात १८९६ मध्ये १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. गोळी न झाडता, आजोबांच्या नावावर, सव्वा लाखांवर माणसे यादीतून पुसली गेली. आपल्या मनुस्मृतीकारांना हा मसुदा पसंत पडला असता.

अशा राज्यात ही मुलगी वाढली. शाळेत ती थोडेच दिवस गेली. जोगिणींच्या शाळेत तिचे मन रमले नाही. ती पळून शेतात जाई. लिहिणे-वाचणे तिला जन्मभर आले नाही. (मागे बसलेल्या मुलांनी एवढेच ऐकून खूश होऊ नये.) घरची बोली क्रिओल फ्रेंच. इंग्रजी तिला पुढे लग्नानंतर नवऱ्याने शिकवली. पंधराएक वर्षांची असताना कुटुंब मेलरोज नावाच्या प्लँटेशनवर मजुरीला आले आणि तेथेच तिचे जवळजवळ सारे आयुष्य गेले.

या मेलरोजविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यात आपल्यालाही खुपेल अशी गोष्ट आहे. मारी तेरेझ क्वांक्वां ही गुलाम स्त्री स्वतः मुक्त झाली आणि कष्ट करून तिने आपली बरीच मुले-नातवंडे सोडवून घेतली. तिच्या मुलाला, लुई मेट्वाये याला, १७९६ मध्ये जमीन मिळाली. तेच पुढचे मेलरोज. गुलामीतून सुटलेल्या बाईचे घराणे जमीनदार झाले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण त्याच घराण्याने पुढे स्वतः गुलाम बाळगले. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती फक्त आपल्या देशाची मक्तेदारी नाही. जो एक पायरी वर चढतो तो खालच्याच्या खांद्यावर पाय ठेवतो. पुढे मळा त्या घराण्याच्याही हातून गेला. क्लेमेंटाईन आली तेव्हा हेन्री नावाचे गोरे मालक होते.

कापसाची वेचणी तेथे कशी चाले? खांद्याला लांबलचक पिशवी अडकवायची आणि ती सरीतून ओढत न्यायची. वजनावर मजुरी. मघाशी मंडपात येताना एका मावशींना मी विचारले, दिवसाला किती वेचता? त्या म्हणाल्या, "चाळीसक किलो होते बाई, मग कंबर बोलते." क्लेमेंटाईनची एक हकीकत तिच्या प्रत्येक चरित्रात येते. दिवस भरलेले असताना ती सकाळी शेतात गेली. ७८ पौंड, म्हणजे आपले ३५ किलो कापूस वेचला, घरी आली आणि सुईणीला बोलावणे पाठवले. थोड्याच दिवसांत पुन्हा शेतात हजर. हे ऐकून शहरातले वाचक तोंडात बोट घालतात. येथे कोणी घातलेले मला दिसत नाही.

तिला सात मुले झाली, त्यांतली दोन जन्मतःच मेलेली. पहिल्या दोन मुलांचा बाप चार्ल्स डुप्री १९१४ मध्ये वारला. १९२४ मध्ये इमॅन्युएल हंटर या लाकूडतोड्याशी तिचे लग्न झाले. चाळिशीच्या सुमारास तिला शेतातून मालकाच्या वाड्यात स्वयंपाक, धुणे आणि घरकामाला घेतले. उन्हातून सावलीत आली, पण काम काही घटले नाही. वाड्यातले उरकून घरचे, मुलांचे, मग गोधड्या शिवणे. होय, गोधड्या. तिच्या हातच्या गोधड्या आज संग्रहात जपून ठेवलेल्या आहेत.

मालकीणबाई कॅमी हेन्री यांना लेखक-कलावंतांची हौस होती. त्यांच्याकडे चित्रकार, लेखक महिनोन्‌महिने मुक्कामाला येत. त्यांच्यासाठी क्लेमेंटाईन रांधत होती आणि त्यांचे कपडे धूत होती. १९४० च्या आसपासची गोष्ट. एका पाहुण्या चित्रकर्तीने जाताना रंगांच्या अर्धवट नळ्या टाकून दिल्या. त्या क्लेमेंटाईनला खोली झाडताना सापडल्या. वाड्यात राहणाऱ्या फ्रान्स्वा मिन्यों या गृहस्थांना तिने सांगितले की, मनात आणले तर मलाही चित्र काढता येईल. त्यांनी खिडकीचा एक जुना गुंडाळीचा पडदा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चित्र घेऊन आली. नदीवरच्या बाप्तिस्म्याचे चित्र होते. ती पन्नाशी ओलांडून गेलेली होती.

ही हकीकत मिन्यों सांगत असत, आणि त्यांच्या सांगण्यावर किती विसंबावे हा प्रश्नच आहे. कारण स्वतःला फ्रान्सचे म्हणवणारे हे गृहस्थ मुळात न्यूयॉर्क राज्यातले होते आणि त्यांचे खरे नावही वेगळेच होते, हे मागाहून उघडकीस आले. पण एक मान्य केले पाहिजे. त्यांनी तिला रंग मिळवून दिले, तिची चित्रे लोकांना दाखवली आणि तीस वर्षे पाठपुरावा केला. माणूस खोटा होता, त्याचे हे काम खरे होते.

त्या काळात नवरा अंथरुणाला खिळलेला होता. दिवसभर वाड्यातले काम, संध्याकाळी त्याची शुश्रूषा, आणि मध्यरात्री रॉकेलच्या दिव्यापाशी चित्र. नवरा म्हणे, झोप आता, वेड लागेल. ती म्हणे, हे डोक्यातले बाहेर काढले नाही तर खरेच वेड लागेल. १९४४ मध्ये तो गेला. चित्रे चालूच राहिली. पुठ्ठ्याचे खोके, लाकडाच्या फळ्या, बाटल्या, सुकलेले भोपळे, जे हाती लागेल त्यावर. हजारो चित्रे झाली. पुढे तिने कोणाला तरी सांगितले की, कापूस वेचण्यापेक्षा चित्र काढणे कठीण. कापूस समोर बोंडात असतो, चित्रासाठी मनाला घाम फोडावा लागतो. ज्यांनी आयुष्यात एकच काम केले आहे त्यांना हे वाक्य सुचणार नाही.

त्या चित्रांत काय आहे? कापूस वेचणाऱ्या बाया. पिशव्या तोलणारा माणूस. नदीकाठी उकळत्या कढईत कपडे घालणारी बाई, दोरीवर वाळणारे धुणे. पेकान नावाच्या अक्रोडासारख्या फळांची झोडणी. पोरांना न्हाऊ घालणे, वेण्या घालणे. लग्न. मयत. शनिवार रात्रीचा गुत्ता आणि तेथली मारामारी. हे शेवटचे मी मुद्दाम सांगते. मळ्यावरचे सुखी-समाधानी काळे लोक अशा नजरेने पुष्कळांनी ही चित्रे विकत घेतली. पण तिने काही झाकलेले नाही. दारू काढली, सुरा काढला, मढेही काढले. आणि क्रुसावरचा येशू काढला तो काळा. तिला कोणी चित्रकलेचे नियम शिकवले नव्हते, म्हणून दूरचे लहान आणि जवळचे मोठे असे ती करत नसे. जे महत्त्वाचे ते मोठे. बाया मोठ्या. काही चित्रांत कापसाची गाडी एक भला मोठा कोंबडा ओढतो आहे. ते पाहून मला हसू आले होते. माझी आजी असती तर म्हणाली असती, बैलाला तरी तेवढाच इसावा.

बाप्तिस्म्याच्या चित्राविषयी कोणी मला विचारील की, मॅडम, आपण बौद्ध. नदीत बुडी मारून पाप धुतले जाते हे आपण मानतो काय? नाही मानत. अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणारी दासी पुण्णिका हिने हिवाळ्यात नदीत बुड्या मारणाऱ्या ब्राह्मणाला हेच समजावून सांगितले होते, आणि तिची वाणी थेरीगाथेत जपली गेली. पण क्लेमेंटाईनच्या चित्रात मी दुसरेच पाहते. शुभ्र कपड्यांतली कष्टकऱ्यांची रांग नदीकडे निघाली आहे. आठवडाभर चिखलात, धुण्यात, शेणात गेलेली माणसे त्या दिवशी मालकासाठी नव्हे, स्वतःसाठी जमली आहेत. १४ एप्रिलला आपल्या वस्तीतून विहाराकडे पांढऱ्या लुगड्यांची जी रांग निघते, ती ज्याने पाहिली आहे त्याला हे चित्र समजावून द्यावे लागत नाही.

आता १९५५ साल. मेलरोजवर गुलामांच्या काळात बांधलेली आफ्रिकन हाऊस नावाची, मोठ्या छपराची इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, क्लेमेंटाईनने नऊ मोठे फलक रंगवले. केन नदीकाठचे सगळे जग त्यांत भिंतीभर उभे केले. त्याच साली न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या कलासंग्रहालयात तिचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. तेथे असा मान मिळालेली ती पहिली काळी कलावंत. आणि त्याच साली तिच्या जवळच्या नॅकिटश शहरातल्या सरकारी महाविद्यालयातही तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.

त्या महाविद्यालयात काळ्यांना प्रवेश नव्हता. गोरे प्रेक्षक दाराने आत गेले, चित्रे पाहिली, वाखाणली. जिने ती काढली तिला त्यांच्याबरोबर आत जाता येत नव्हते. मग रविवारी, दालन बंद असताना, कोणी नसताना, तिला मागच्या दाराने आत नेले आणि तिची चित्रे तिला दाखवली.

भगिनींनो, विहीर आपण खणायची आणि पाणी दुरून मागायचे, देवळाचा दगड आपण वाहायचा आणि पायरीशी थांबायचे, हे ज्यांच्या चार पिढ्यांनी भोगले त्यांना या रविवारचे वर्णन अधिक करून सांगायची गरज नाही. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. मला गोऱ्यांचा राग आला म्हणून नव्हे. मला माझी आजी आठवली.

माझी आजी वेचणीला जात होती. आई लवकर गेली. आजीनेच मला वाढवले, शिकवले. मी मास्तरीण झाले, भाड्याचे घर घेतले, आणि पहिल्यांदाच शाळेतली सहकारी मंडळी चहाला यायची होती. आजी गावाहून आदल्या दिवशी आली होती. जुने लुगडे, बोंडांच्या टोकांनी फाटलेली बोटे, मोठ्याने बोलण्याची सवय. मी तिला म्हटले, आजी, तू मागच्या खोलीत बस, येथे तुला अवघडल्यासारखे होईल. ती म्हणाली, "मी मांगंच बसतो व बाई. खुर्चीवर माहे पाय दुखतात." पाहुणे दीड तास बसले. पलीकडच्या खोलीत कपबशा विसळल्याचा आवाज येत होता. कोणी तरी विचारले, कोण आहे आत? मी काय उत्तर दिले ते या व्यासपीठावरून मला सांगवत नाही. त्यानंतर आजी चार वर्षे जगली. तिने तो विषय कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. तिच्या लुगड्यांची एक गोधडी माझ्याकडे आहे आणि एका कागदावर तिचा अंगठा आहे. तिचा फोटो नाही. ती दिवसाला किती कापूस वेचायची हेसुद्धा मला ठाऊक नाही, कारण मी कधी विचारलेच नाही.

क्लेमेंटाईनला मागच्या दाराने नेणारा कायदा होता. माझ्या घरात कोणता कायदा होता?

असो. आपले काही कार्यकर्ते मित्र आता विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की या आजीने चळवळीत काय केले? १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरीत बसवर बहिष्कार सुरू झाला. ती त्यात होती काय? नव्हती. तिने मोर्चा काढला नाही, भाषण दिले नाही, मालकाच्या विरोधात ब्र काढल्याचेही फारसे कोठे नमूद नाही. लाखो काळी माणसे दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. ती तेथेच राहिली. दुसरी गोष्ट. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळ्यांचे थोर नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. ड्यू बॉइस हार्वर्डचे डॉक्टर होते. अशा माणसांमुळे कायदे बदलले, हे मी एक क्षणही विसरत नाही. १९६५ चा मतदान हक्क कायदा आला तेव्हा क्लेमेंटाईन अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तो कायदा चित्रांनी आणला नाही, लढणाऱ्यांनी आणला.

पण माझे म्हणणे असे की, लढाई कोणासाठी होती त्याचीही नोंद कोणी तरी ठेवली पाहिजे. वाड्यात मालकिणीची चोपड्या-वह्यांची रास होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पत्रे, कात्रणे सगळे टिपून ठेवलेले होते. त्या ढिगात धुणे धुणाऱ्या बाईचे मन कोठे सापडणार? १९४० नंतर कापूस वेचणारी यंत्रे आली आणि पाहता पाहता तिकडची हातवेचणी संपली. ते काम कसे होते, कोण करत होते, डोक्याला काय बांधत होते, पोर कोठे निजवत होते, हे आज तिच्या फळ्यांवरून समजते. अक्षर न येणाऱ्या बाईने जी नोंद ठेवली ती वाड्यातल्या शिकलेल्यांना ठेवता आली नाही. आपल्याकडे ज्या साली बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही पुस्तके निघाली ते साल १९८६. चित्तरकथा हा शब्द पहा. क्लेमेंटाईनची तर अक्षरशः चित्तरकथाच.

आणि त्याच १९८६ साली, ज्या महाविद्यालयात ती रविवारी मागच्या दाराने गेली होती, ते आता विद्यापीठ झाले होते, त्याने तिला ललितकलेची सन्माननीय डॉक्टरेट दिली. एकतीस वर्षे लागली. ती तोपर्यंत जगली म्हणून, नाही तर पदवी फोटोला हार घालून दिली असती.

पैशाचे म्हणाल तर, सुरुवातीला तिच्या खोपटाच्या दारावर पाटी होती : चित्रे पाहायला पंचवीस सेंट. चित्रही तेवढ्यात किंवा थोड्या अधिकात विकले जाई. पुढे त्याच चित्रांना हजारो डॉलर मिळू लागले, पण ते बहुतेक इतरांच्या हातात. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे बोलावणे आले तेव्हा ती गेली नाही, घरीच राहिली. म्हातारपणी तिने राहायला चाकांवरचे एक लहान घर घेतले, आणि मरणाच्या थोडेच आधीपर्यंत चित्रे काढत होती. तिच्या नावाने खोटी चित्रे विकणारेही निघाले. २००९ मध्ये सरकारी तपास यंत्रणेने धाड घातली आणि २०११ मध्ये आरोपींनी गुन्हा कबूल केला. जिला सही म्हणून दोन अक्षरे काढायची तर ती शिकून घ्यावी लागली, तिच्या सहीची नक्कल करून लोक पोट भरू लागले! २०१३ मध्ये तिच्या आयुष्यावर संगीत नाटक झाले. वॉशिंग्टनला २०१६ मध्ये उघडलेल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिची चित्रे आहेत. ती तेथे पुढच्या दारानेच आत गेली.

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून थांबते. तिच्या सहा चित्रांच्या छायाप्रती मी पुठ्ठ्यावर चिकटवून आणल्या आहेत. पुस्तकांच्या टेबलाशेजारी त्या लावलेल्या आहेत. विद्यार्थ्यांनी जरूर पाहाव्यात. पण घाई करू नये. सतरंजीवर मागे बसलेल्या आज्यांना आधी पुढे येऊ द्या. तिने वेचणी बरोबर काढली आहे की नाही, हे आपल्यात त्यांनाच सांगता येईल, आणि त्या जे सांगतील ते जवळ वही असेल त्याने लिहून घ्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!